ज्ञानकर्मी आणि नवोन्मेष: टीम सांभाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीम सांभाळणाऱ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. विषय दुसरीकडे आला असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: बहुतेक संस्थांमध्ये कल्पना भरपूर असतात, टंचाई असते ती त्यांच्यावर वेळेत हो किंवा नाही म्हणणाऱ्याची. पुढची बरीच उत्तरं या ना त्या वाटेने तिथेच येतात.

१. नॉलेज वर्कर (ज्ञानकर्मी) म्हणजे नेमका कोण? लॅपटॉपवर काम करणारा प्रत्येक जण का?

नाही. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर १९५९ च्या सुमारास ज्या वर्गाबद्दल लिहू लागले, त्याची खूण वेगळी आहे. आज नेमकं काय करायला हवं, हे त्या माणसाला आधी स्वतः ठरवावं लागतं. ठरलेल्या फॉर्ममधली माहिती दिवसभर संगणकात भरणाऱ्याला ते आयतं ठरवून मिळतं. उलट हात ग्रीसने माखलेला तंत्रज्ञ मशीनसमोर उभा राहून बिघाड कुठे असेल याचे तर्क लढवत असतो, म्हणून तो पक्का ज्ञानकर्मी. बहुतेकांच्या दिवसात दोन्ही प्रकारची कामं असतात. तेव्हा पदनाम बघू नका, काम बघा.

२. माझी माणसं दिवसभर काय करतात ते मला कळत नाही. टाइमशीट सुरू करू का?

ग्राहकाला तासांवर बिल लावायचं असेल तर जरूर करा आणि टीमला तसं सरळ सांगा. कोण काम करतंय हे कळावं म्हणून करत असाल, तर शुक्रवारी संध्याकाळी आठवून आठवून भरलेले आकडे मिळतील, दुसरं काही नाही. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये मांडलेली कामगारांचं काम मोजायची पद्धत स्टॉपवॉचवर उभी होती, कारण फावडं उचलणारा हात डोळ्यांना दिसतो. विचार दिसत नाही.

त्यापेक्षा सोमवारी एवढंच विचारा: या आठवड्यात कोणता प्रश्न सुटायला हवा आणि तो सुटला हे कशावरून कळेल? "मॉड्यूलवर काम चालू आहे" हे उत्तर चालवून घेऊ नका. चांगलं उत्तर असं असतं: "फाइल ५० एमबीच्या वर गेली की ॲप बंद पडतं, त्याचं कारण शोधतोय. गुरुवारपर्यंत सापडलं नाही तर फाइलवर मर्यादा घालू आणि पुढे जाऊ." यात प्रश्न आहे, मुदत आहे आणि न जमल्यास काय करायचं तेही आहे. अशी उत्तरं यायला लागली की कोण किती वाजता आलं हे विचारावंसंच वाटत नाही.

३. मग उत्पादकता मोजायचीच नाही का?

मोजा, पण मोजलेला आकडा अप्रेझलला बांधू नका. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल जे सांगितलं, ते ऑफिसातही तंतोतंत लागू पडतं: मोजमापाचं टार्गेट झालं की मोजमाप बिघडतं. बंद केलेल्या तिकिटांवर (नोंदवलेल्या तक्रारींवर) रेटिंग द्या, एका तिकिटाची चार होतील. पेटंटच्या संख्येवर बोनस द्या, कोणाच्याही कामाला न येणारी पेटंट वाढतील.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटतो तो आकडा म्हणजे अर्धवट कामांचा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलेला नियम आहे: सरासरी लागणारा वेळ म्हणजे हाती असलेली कामं भागिले पूर्ण होण्याचा वेग. टीम महिन्याला २ कामं संपवते आणि १२ उघडी आहेत, तर एकेक काम सरासरी ६ महिने घेणार, मग माणसं कितीही हुशार असोत. आता त्या १२ पैकी किती कामं नुसती कोणाच्या तरी होकाराची वाट बघत पडली आहेत ते मोजा. बऱ्याचदा तो होकार तुमच्याच टेबलावर अडलेला असतो.

४. टीममधल्या प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. अशांचा मॅनेजर म्हणून मी करायचं काय?

सगळ्यात जास्त कळणारा माणूस मॅनेजर झाला की काय होऊ शकतं, हे विल्यम शॉकली यांच्याकडे बघून कळतं. ट्रान्झिस्टरच्या कामासाठी १९५६ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्याच वर्षी त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःची प्रयोगशाळा काढली, तरुणांमधून उत्तमोत्तम माणसं वेचून घेतली आणि मग त्यांच्यावर विश्वासच ठेवला नाही. एका कर्मचाऱ्याच्या हाताला किरकोळ इजा झाली, तर घातपाताच्या संशयाने लोकांना खोटं पकडणाऱ्या यंत्रापुढे बसवण्यापर्यंत मजल गेली. संशोधनाची दिशाही त्यांच्या मनाप्रमाणे फिरायची. १९५७ मध्ये ८ जण एकदम बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही चिप बनवणारी कंपनी उभी राहिली. त्या आठांतल्या रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी पुढे १९६८ मध्ये इंटेल काढली.

तुमचं काम वेगळं आहे. दुसऱ्या विभागात अडकलेली परवानगी सोडवणं, दोन साहेबांच्या परस्परविरोधी मागण्यांपैकी कोणती खरी ते ठरवून आणणं, टीमवर येऊन आदळणाऱ्या फुटकळ कामांना वरच्या वर नकार देणं. हे टीममधल्या हुशारातल्या हुशार माणसाला करता येत नाही, कारण त्याच्याकडे तो अधिकार नसतो. तांत्रिक गोष्ट कळली नाही तर तसं सांगून पुन्हा विचारा. कळल्याचा आव आणलात तर या मंडळींना तो दुसऱ्या वाक्यातच दिसतो.

५. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि बाहेर गेल्यावर "हे चालणार नव्हतंच" म्हणतात. काय करावं?

आधी बघा की मागच्या वेळी वाईट बातमी आणणाऱ्याचं काय झालं होतं. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले; चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. उलगडा असा, की तिथली माणसं चुका न घाबरता सांगत होती आणि बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. म्हणून "आमच्याकडे काही अडचणच नाही" असं सांगणारी टीम दिसली की मला काळजी वाटते.

"मोकळेपणाने बोला" असं सांगून कोणी बोलत नाही. दोन गोष्टी चालतात. एक, आपलं मत शेवटी सांगा. साहेब आधी बोलले की चर्चा तिथेच संपते. दोन, एखाद्याने खोट दाखवली की त्याच मीटिंगमध्ये त्यावर काहीतरी करा, निदान तारीख तरी बदला. बोलून काही बदलतं हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढच्या वेळी दुसरा तोंड उघडतो.

६. ब्रेनस्टॉर्मिंग घेतो, पण तेच तेच निघतं. पद्धत चुकते का?

हो, क्रम चुकतो. १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं होतं की तेवढीच माणसं एकेकटी बसली तर त्यांच्या एकत्र केलेल्या कल्पना गटापेक्षा जास्त भरतात. १९८७ मध्ये मिखाएल डील आणि वोल्फगांग स्ट्रोबे यांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं: एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबण्यात सुचलेलं निसटतं. आधी १५ मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून लिहावं, मग कागद एकत्र करावेत आणि चर्चा फक्त निवडण्यासाठी करावी. त्यातही सगळे गप्पच राहत असतील तर मूळ आजार प्रश्न ५ मधला आहे.

७. कर्मचाऱ्यांसाठी "आयडिया स्पर्धा" घेतली. पहिल्या वर्षी पाऊस पडला, दुसऱ्या वर्षी शुकशुकाट. लोक निरुत्साही आहेत का?

लोक शहाणे आहेत. पहिल्या वर्षी पाठवलेल्या कल्पनांचं काय झालं, हे त्यांना कोणी सांगितलं का? नव्याचे नऊ दिवस सरले की उरतो तो ईमेलचा इनबॉक्स, ज्याचा कोणी मालक नसतो.

स्पर्धा जाहीर करण्याआधी कागदावर लिहा: निर्णय कोण घेणार, किती पैसे आणि कोणाचा किती वेळ देणार, उत्तर किती तारखेला येणार. नकारही कारणासकट कळवा. "यंदा बजेट नाही" आणि "हे २ वर्षांपूर्वी करून पाहिलं, ग्राहकांनी वापरलं नाही" या दोन नकारांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे; दुसऱ्यानंतर माणूस सुधारलेली कल्पना घेऊन परत येऊ शकतो. ठरवणारा माणूस मिळत नसेल, तर स्पर्धा घेऊच नका.

८. कामाच्या वेळेतला १५ टक्के वेळ मोकळा दिला तर नवीन काही निघेल का?

थ्रीएम कंपनीत ही मुभा १९४८ पासून आहे आणि चिकटचिठ्ठ्यांची (पोस्ट-इट) गोष्ट नेहमी तिच्या खात्यावर मांडली जाते. ती गोष्ट नीट वाचली तर जरा वेगळं दिसतं. स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये एक कमजोर गोंद सापडला, चिकटणारा पण सहज सुटणारा. त्याचा उपयोग कोणालाच सुचेना. ते कंपनीतल्या कंपनीत त्यावर व्याख्यानं देत राहिले. त्यांतलं एक ऐकलेल्या आर्ट फ्राय यांना १९७४ मध्ये चर्चमधल्या गाण्यांच्या पुस्तकातून सारख्या गळून पडणाऱ्या खुणांच्या चिठ्ठ्यांवरून उपयोग सुचला. अमेरिकाभर विक्री सुरू झाली १९८० मध्ये. म्हणजे १२ वर्षं, दोन वेगळी माणसं आणि मध्ये एक व्याख्यान.

मोकळा वेळ जरूर द्या. पण एकाचं अर्धवट काम दुसऱ्याच्या कानावर पडायची सोय नसेल, तर तो वेळ सुटा सुटा खर्च होतो. आणि कामाचा बोजा तोच ठेवून १५ टक्के "मोकळे" दिले, तर ते शनिवार-रविवारचेच असतात, हे टीमला पहिल्याच महिन्यात कळतं.

९. चांगल्या कल्पनेला रोख बक्षीस द्यावं की नाही?

झालेल्या कामाची दखल म्हणून, न सांगता, नंतर द्या. आधी आमिष दाखवून देऊ नका. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कोडी सोडवायचे पैसे मिळाले. पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्यांनी कोड्यांना पूर्वीपेक्षा कमी हात लावला. मुळात आवडीने होणाऱ्या कामाला दर लावला की आवड दरावर येते.

याचा अर्थ पगार कमी ठेवून "समाधान" वाटावं असा कोणी घेऊ नये. पगार बाजाराला धरूनच हवा, तो विषय डोक्यातून जाईल इतका. त्यापुढे काय चालतं? टेरेसा अमाबिले यांनी ७ कंपन्यांमधल्या २३८ जणांच्या जवळपास १२,००० रोजनिशी-नोंदी तपासल्या. चांगल्या दिवसांमध्ये सगळ्यात जास्त दिसलेली गोष्ट म्हणजे स्वतःला महत्त्वाचं वाटणारं काम त्या दिवशी थोडं तरी पुढे सरकणं. कंपनीला शोधातून प्रचंड पैसा मिळाला तर शोधकाचा वाटा किती, हा वेगळा वाद आहे. तो प्रश्न १८ मध्ये.

१०. सगळ्यात हुशार इंजिनिअरला मॅनेजर केलं. चांगला इंजिनिअर गेला आणि मॅनेजरही मिळाला नाही. आता?

पगार आणि मान वाढवायची दुसरी वाटच ठेवली नसेल तर हे होणारच. मॅनेजर न होताही वर जाता येईल अशी समांतर शिडी काढा; आयबीएमने १९६० च्या दशकात फेलो हे पद त्यासाठीच काढलं. मात्र समांतर शिडी कागदावर असून भागत नाही. वरच्या पायरीवरच्या तज्ज्ञाला एखादा प्रोजेक्ट थांबवण्याइतपत वजन नसेल, तर सगळे पुन्हा मॅनेजरच्या खुर्चीकडेच बघणार. आणि जो आधीच मॅनेजर झालाय, त्याला मानाने परत यायची सोय द्या: त्याच पगारावर, "पायउतार झाला" असं कोणी म्हणणार नाही अशी.

११. प्रोजेक्ट लांबलाय. माणसं वाढवू का?

बुडत्याचा पाय खोलात. आयबीएमची मोठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवण्याचं काम सांभाळल्यावर फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये हेच लिहिलं: लांबलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं घातली की तो आणखी लांबतो. नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. शिवाय ५ जणांमध्ये बोलण्याच्या १० जोड्या असतात, १० जणांमध्ये ४५. काम कमी करा किंवा तारीख हलवा. एकच अपवाद: काम खरोखरच सुटं तोडता येत असेल आणि येणाऱ्याला ते आधीपासून येत असेल, तर चालतं.

१२. आमचा जुना जाणकार निवृत्त होतोय. शेवटच्या महिन्यात त्याच्याकडून सगळं लिहून घेतलं तर पुरेल ना?

वरातीमागून घोडं. शेवटच्या महिन्यात तो पासवर्ड, फायलींच्या जागा आणि फोन नंबर लिहून देईल. खरं ज्ञान त्याला स्वतःलाही आठवणार नाही, कारण ते त्याच्या हाताला माहीत असतं.

१९८० च्या दशकात मात्सुशिता कंपनी घरगुती पाव-यंत्र बनवत होती, पण पाव काही जमेना. इकुको तानाका या सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या कर्मचारी ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकाऊ म्हणून गेल्या. बराच काळ बघून त्यांच्या लक्षात आलं की तो पीठ नुसतं ओढत नाही, ओढता ओढता पीळ देतो. मग भांड्याच्या आतल्या बाजूला खास उभार दिले आणि १९८७ मध्ये यंत्र बाजारात आलं. बेकरला विचारून हे कळलं नसतं; आपण पीळ देतो ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, हेच त्याला वाटलं नसतं.

याहून विचित्र प्रकार फॉगबँकचा. अमेरिकेच्या अण्वस्त्रांमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका पदार्थाचं हे सांकेतिक नाव. १९८९ मध्ये उत्पादन थांबलं, कारखाना मोडला, माणसं पांगली. २००० नंतर त्या पदार्थाची पुन्हा गरज पडली तेव्हा नोंदी तुटपुंज्या निघाल्या. नवा कारखाना उभारून जुनी कृती जुळवली तरी माल उतरेना. शेवटी कळलं की पूर्वीच्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची, तिच्याशिवाय तो पदार्थ नीट तयार होत नव्हता, आणि नव्या शुद्धीकरणात नेमकी तीच धुऊन जात होती. हे जुन्या कामगारांनाही माहीत नव्हतं. त्यांच्याकडून कितीही लिहून घेतलं असतं तरी ही ओळ त्यात आली नसती.

म्हणून निदान वर्षभर आधी वारसदार नेमा. पहिले काही महिने त्याने बघावं, नंतर त्याने करावं आणि जाणकाराने बघावं. नोंदी वारसदाराने लिहाव्यात. नवख्याला जे चमत्कारिक वाटतं तेच लिहिण्याजोगं असतं. आणि काय केलं याच्याइतकंच काय केलं नाही आणि का, हेही टिपून ठेवा. मागे सोडून दिलेला मार्ग नवा माणूस हमखास पुन्हा उत्साहाने शोधून काढतो.

१३. नॉलेज मॅनेजमेंटचं महागडं सॉफ्टवेअर घेतलं. कोणी उघडतसुद्धा नाही. सक्ती करू का?

सक्तीने कचरा भरतो. ज्युलियन ऑर या मानववंश-अभ्यासकाने झेरॉक्सच्या कॉपिअर दुरुस्त करणाऱ्यांमध्ये राहून पाहिलं, तर अवघड बिघाड मॅन्युअलपेक्षा आपापसांतल्या किश्श्यांनी सुटत होते. पुढे १९९० च्या दशकात कंपनीने युरेका नावाची व्यवस्था उभारली ती याच सवयीला धरून. तंत्रज्ञाने युक्ती पाठवायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती तपासायची आणि मग ती पाठवणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांपर्यंत जायची. तपासणी असल्यामुळे वाचणाऱ्याला भरवसा आणि नाव असल्यामुळे लिहिणाऱ्याला मान. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन्हींपैकी काय आहे ते बघा. लोक आत्ता ज्ञान कुठे वाटतात, चहाच्या टेबलावर की चॅट ग्रुपमध्ये, तिथून सुरुवात करा.

१४. मुख्य कामापासून दूर वेगळी इनोव्हेशन लॅब काढावी का?

काय काढायचंय आणि ते परत आत कोण घेणार, हे ठरलं असेल तर काढा. लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीत केली जॉन्सन यांच्या छोट्या वेगळ्या गटाने १९४३ मध्ये एक्सपी-८० हे जेट विमान १४३ दिवसांत तयार केलं. तिथे ग्राहक एक, गरज एक आणि विमान घ्यायला सैन्य तयारच.

झेरॉक्सने १९७० मध्ये पालो आल्टोला काढलेल्या केंद्राची गोष्ट सगळे अर्धीच सांगतात. माऊस आणि खिडक्यांचा संगणक तिथे घडला, पैसा दुसऱ्यांनी केला, हे खरं. पण लेझर प्रिंटरही तिथलाच. गॅरी स्टार्कवेदर यांच्या या कल्पनेला जुन्या प्रयोगशाळेतल्या वरिष्ठांचा विरोध होता, म्हणून ते १९७१ मध्ये या केंद्रात आले. १९७७ मध्ये प्रिंटर बाजारात आला आणि झेरॉक्सने त्यावर अब्जावधी डॉलर कमावले. एकाच केंद्रातल्या दोन शोधांचं नशीब एवढं वेगळं का? माझं मत असं की प्रिंटर हे कागदाचं यंत्र होतं; ते विकायचं कसं आणि दुरुस्त करायचं कसं, हे मुख्य कंपनीला ठाऊक होतं. संगणक ताब्यात घेणारा हात तिथे नव्हता. लॅबची जागा आणि बीनबॅग ठरवण्याआधी तो हात शोधा.

१५. सगळे घरून काम करतात. त्याने नवीन काही सुचणं कमी होतं का?

अपघाताने कानावर पडणं कमी होतं. एमआयटीचे टॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं होतं की इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं आणि साधारण ५० मीटरपलीकडे ते नगण्य होतं. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा सहकारीही तसा दूरच. एकट्याने करायचं काम घरी छान होतं. अर्धवट काम दाखवण्यासाठी मात्र ठरवून वेळ ठेवावा लागतो (प्रश्न ८ मधलं व्याख्यान आठवा).

१६. एक जण कमालीचा हुशार आहे, पण उद्धट. ठेवू की काढू?

त्याचं काम एकट्याचं असेल आणि तो फक्त रूक्ष असेल, तर ठेवा. तो खोलीत असताना बाकीचे बोलणं बंद करत असतील, तर त्याच्या कामातून त्या सगळ्यांच्या न आलेल्या सूचना वजा करा. एकदा स्पष्ट सांगा, उदाहरण देऊन आणि मुदत घालून. नंतरही तेच चाललं तर टीम त्याच्याकडे बघत नसते, तुमच्याकडे बघत असते.

१७. फसत चाललेला प्रयोग कधी बंद करायचा?

सुरू करतानाच लिहून ठेवा: अमुक तारखेपर्यंत अमुक दिसलं नाही तर थांबू. नंतर ठरवायला बसलं की झालेला खर्च निर्णय घेऊ देत नाही. पण इथे एक पेच आहे. प्रश्न ८ मधला गोंद अशा कुठल्याही तारखेला नापास झाला असता. फरक खर्चाचा. सुरुवातीची कित्येक वर्षं तो गोंद एका माणसाच्या फावल्या वेळात जगला. स्वस्त प्रयोगाला झोपू द्या, त्याची नोंद सापडेल अशा जागी ठेवा. तारखेची कात्री महागड्या प्रयोगाला लावा. आणि बंद झालेल्या प्रोजेक्टमधल्या माणसांना पुढचं चांगलं काम द्या, नाहीतर पुढच्या वेळी बंद करावं असं स्वतःहून सांगायला कोणी येणार नाही.

१८. मी थांब म्हटलेलं काम एकाने लपूनछपून चालू ठेवलं आणि ते यशस्वी झालं. शाबासकी देऊ की मेमो? आणि श्रेय, पैसा कोणाचा?

हे घडलेलं आहे. जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा निळ्या एलईडीवर काम करत होते. थांबण्याचे आदेश आपण डावलले, असं त्यांनी पुढे सांगितलं. १९९३ मध्ये कंपनीने तो दिवा बाजारात आणला. पेटंटबद्दल त्यांना मिळाले २०,००० येन. कंपनी सोडल्यावर २००१ मध्ये त्यांनी दावा लावला. २००४ मध्ये खालच्या न्यायालयाने २० अब्ज येन देण्याचा निकाल दिला आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

तुमच्यापुरतं बघायचं तर आधी तपासा की त्याने नेमकं काय डावललं. सुरक्षा, ग्राहकाची माहिती किंवा कायदा यांचा नियम मोडला असेल तर यश कितीही मोठं असो, मेमो द्यावाच लागेल. नुसतं तुमचं मत डावललं असेल, तर तुमचा नकार कशावर आधारलेला होता ते त्याच्यासोबत बसून बघा. नकाराला कारणच लिहिलेलं नव्हतं, असं निघण्याची शक्यता बरीच असते. श्रेय त्याच्या नावाने, वरिष्ठांसमोर, तुम्ही स्वतः द्या.

पैशाचा भाग शोध लागल्यावर ठरवायला गेलात तर वाद अटळ आहे. नोकरीतल्या शोधावर मालकी कोणाची आणि मोबदला किती, याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. जपानने स्वतःचा कायदा २०१५ मध्ये बदलला. नेमणुकीच्या करारात हे कलम कसं लिहिलंय ते काढून वाचा आणि "योग्य मोबदला" एवढंच मोघम लिहिलं असेल, तर पुढची नेमणूक करण्याआधी वकिलाकडून ते नेमकं करून घ्या.